नव्व्याण्णव म्हणजे माहीत नाही

निवृत्त झाल्यावर मिरजेच्या खोलीत
पत्र्याच्या ट्रंकेतून काढले जत तालुक्याचे फॉर्म.
वाळवीने आधी कडा खाल्ल्या होत्या,
मग गावांची नावं, मग रोग.
आकडे तेवढे शिल्लक.
बॉलपेनची शाई तिला मानवली नसावी.

सहाशे बारा घरं. त्र्याण्णवचा उन्हाळा.
मी, रेवण बिराजदार, त्याची लूना
आणि मांडीवर धरलेली, चटके देणारी फाइल.
पहिल्याच पानावर माझा सुबक हुकूम :
वय माहीत नसल्यास ९९ लिहावे.
वयाला चौकोन दोनच होते.
शंभरीच्या आसपास कुणी जगत असेल जतला,
हे पुण्यात बसून सुचलं नव्हतं.

प्रश्न चौदावा : दवाखाना किती लांब?
एक म्हणजे पाच किलोमीटरच्या आत,
पाच म्हणजे चाळीसच्या पुढे.
लोक सांगायचे,
सकाळची एस्टी गावली तर मिरज,
न्हाई तर देव.
एक बाई म्हणाली, पोर पोटात हाय तवर लांब,
वाटंत झालं की जवळच की.
रेवण पेन थांबवून बघायचा माझ्याकडे,
बाई, हे कुठल्या चौकोनात?
सहा लिही. सहा म्हणजे इतर.

मी पीएचडी केली एक ते पाचवर.
इतरचे एकशे सात सुट्टे धरले,
सुट्ट्यांचं काय करतात? टेबलाखाली तळटीप.
मग लॉजिस्टिक रिग्रेशन, मग रीडरशिप,
दिल्लीच्या समित्या, गार पडलेला चहा,
आणि जन्मभर एकच वाक्य वेगवेगळ्या कागदांवर :
निष्कर्ष जपून वापरावेत.
मी वापरले जपून. इतके
की कुठे वापरलेच गेले नाहीत.

फॉर्म चारशे तीन.
निंगव्वा. आडनाव वाळवीच्या पोटात.
वय ९९.
समासात रेवणचं किरटं अक्षर :
बाई, हे खरंच नव्व्याण्णव आहे. धाकटा लेक पंच्याहत्तरचा.
खोडू नका.

कुणी खोडलं नाही.
फ्लॉपीतल्या प्रोग्रॅमने न बोलता बाजूला काढलं.
प्रबंधाच्या एकसष्टाव्या पानावर ती आहे,
"माहिती अनुपलब्ध : ३८".
सदतीस जणांना वय ठाऊक नव्हतं.
एकीला होतं.

फॉर्मच्या पाठीमागे अजून चार ओळी.
म्हातारी सुईण. कानडीतच बोलते. वहीबिही नाही.
आढ्याला सुताची दोरी बांधलेली,
दर बाळंतपणाला एक गाठ.
मूल गेलं तर त्याच गाठीवर दुसरी.
मी मोजल्या, रेवण लिहितो, दोनदा मोजल्या :
गाठी ४१२. त्यांतल्या दुहेरी २९.

मी कॅल्क्युलेटर शोधला. मग म्हटलं, राहू दे,
पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर मांडला भागाकार.
हजारी सत्तर.
माझ्या प्रबंधात अठ्ठावन्न होता.
विश्वासाची कक्षा काढली, सवयच ती,
सेहेचाळीस ते पंच्याण्णव.
अठ्ठावन्न आत बसतो.
फरक लक्षणीय नाही,
असं मी एखाद्या पोराला लाल शाईत लिहून दिलं असतं
आणि ते चूकही नसतं.
तिला दोरी पुरली.
मला अनुदानाचे तीन हप्ते लागले.

रेवणला फोन लावला. तासगावला बेदाण्याचा व्यापार आहे त्याचा,
मागे पेट्या आदळत होत्या.
दोरी? ती गेली तिच्याबरोबर.
सुनेनं उशाला ठेवली म्हणे तिरडीवर.
थोडं थांबून म्हणाला,
बाई, तवा तुम्ही समास वाचला न्हवता व्हय?

मी म्हटलं, ऐकू येत नाही नीट.
ऐकू येत होतं.

रात्री दिवे गेले. बॅटरीच्या उजेडात
वयाच्या दोन चौकोनांच्या डावीकडे
पट्टी न घेता तिसरा आखला,
जरा तिरपाच आला,
आणि त्यात शून्य भरलं.